भिंतीवर उतरलेला मांडव

वहाब शेखच्या डोळ्यांचं दुखणं मोठं चमत्कारिक होतं. समोर माणूस उभा राहिला की त्याचे खांदे दिसत, हात दिसत, पायातल्या चपलाही दिसत. चेहरा तेवढा दिसत नसे. चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. नजर जिकडे वळवावी तिकडे डाग आधीच जाऊन बसलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडद्याचा मधला भाग गेला आहे, कडा शाबूत आहेत, तेव्हा पूर्ण अंधार काही होणार नाही. त्याची बायको कनीज एवढ्यावर खुदाचे आभार मानून मोकळी झाली. वहाबच्या मनात मात्र सल राहिला. तीस वर्षं ज्यानं लोकांचे चेहरे टिपले, त्याच्याकडून देवानं नेमके चेहरेच काढून घ्यावेत?

आलापल्लीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागेच घर. एके काळी अहेरीपासून आष्टीपर्यंत कुठंही लग्न निघालं की वहाब खांद्यावर कॅमेरा टाकून हजर असायचा. डोळे गेले तसा त्यानं कॅमेरा मुलीच्या हाती दिला. मदीहा तेव्हा नागपूरहून शिकून परतली होती. आता सत्तावीस वर्षांची ती एकटीच शूटिंगला जाई, आणि मधल्या खोलीत दिवस दिवस कॉम्प्युटरपुढे बसून लग्नं जोडून काढी. त्या खोलीत वहाबनं तीन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर तो ओसरीवर बसे, कनीजला लसूण सोलून देई, रस्त्यावरच्या गाड्या आवाजावरून ओळखे.

पौषात एक दिवस आष्टीकडच्या खेड्यातली एक बाई विचारत विचारत दारात आली. रुखमाबाई तिचं नाव. पायातल्या वहाणा पायरीशी काढून ती ओसरीवर टेकली.

"वहाबभाऊ, आमच्या हेमराजच्या हळदीची शूटिंग तुम्हीच केली होती न जी? बावीस वर्षं झाली आता. त्याची कॅसेट असन काय तुमच्यापाशी?"

"तुमाले दिली नव्हती काय तवा?"

"दिली होती जी. पोट्ट्यायनं फीत ओढून काढली आन् धानात पाखरं हाकलाले बांधली. चमकते म्हणून." ती थोडी हसली, मग पदरानं तोंड पुसलं. "हेमराजचा बाप, मुखरू, त्याच साली धानाच्या रोवणीत गेला. बांधावर पान लागलं, नाग होता. दवाखान्यात नेताच आलं नाई. घरात त्याचा फोटो नाई एकबी. मतदानाच्या कार्डावर होता, तो पार काळा पडला. आता नात इचारते, आजी, आबाजी कसे दिसे? म्या काय सांगू?"

वहाबला मुखरू आठवला नाही. आठवणार कसा? अशा हळदी त्यानं शेकड्यानं टिपल्या होत्या.

"बाई, माह्यापाशी तीनशेक कॅसेटी पडल्या हायत. पण यंदाच्या पावसात वाळवी लागली. फिती वाचल्या, नावाचे कागद सारे खाल्ले. आन् मले दिसत नाई. नाई सापडणार."

"बरं जी," रुखमाबाई म्हणाली. पिशवीतून लाखोळीचा कोवळा पाला काढून तिनं कनीजच्या सुपात ठेवला आणि दोनच्या गाडीनं परत गेली. वहाबला त्या दिवशी भाजी गोड लागली नाही.

पुढच्या महिन्यात मदीहानं मागवलेलं एक पार्सल आलं. त्यात दिव्यांची गुंडाळी होती, बोटभर रुंद पट्टी, तिच्यावर गव्हाच्या दाण्याएवढे दिवे. शिवाय काडेपेटीपेक्षा लहान एक बोर्ड, आणि एक जाडजूड अडॅप्टर.

"हे काय आता? दुकानाले झालर लावतं काय?" कनीजनं विचारलं.

"नाई अम्मी. काळोखात चमकत्या पडद्याकडे पाहून पाहून माहं कपाळ ठणकते. मॉनिटरच्या मागं उजेड असला तं डोळ्याले आराम पडते. आन् हे साधे दिवे नाई. पडद्याच्या काठाले जो रंग असन, तोच रंग मागच्या भिंतीवर पडते. चित्र हाललं का तोही हालते."

"कपाळ ठणकते तं बाम लाव," कनीज म्हणाली आणि आत गेली.

वहाब ओसरीवर लसूण सोलत राहिला. पण दुपारी खोलीतून कथिल जाळल्याचा वास आला तेव्हा त्याच्या हातातला लसूण तसाच राहिला. तो वास त्याच्या तरुणपणाचा होता. मंडपात ऐनवेळी तुटलेल्या वायरी त्यानं असंख्य वेळा याच वासात जोडल्या होत्या. भिंतीला हात लावत तो दारापर्यंत गेला आणि चौकटीतच थांबला.

"पट्टी कापून राह्यली?"

मदीहानं चमकून मागं पाहिलं. अब्बा या दारात! तिनं आवाजात काही दाखवलं नाही. "हो. चार तुकडे केले. वर एक, खाली एक, दोन बाजूले दोन. कोपऱ्यात पट्टी वाकत नाई म्हणून मधात वायर जोडून राह्यली. पण सगळ्याइचे बाण एकाच दिशेनं पायजेत."

"बाण कायले?"

"बोर्ड पहिल्या दिव्याले सगळ्याइचे रंग सांगते. तो आपला घेते आन् बाकीचे पुढं देते. दुसरा आपला घेते, पुढं देते. असं शेवटपर्यंत."

वहाब विचारात पडला. "म्हणजे पंगतीत पत्रावळीचा गठ्ठा सरकवतात तसं. ज्यानं त्यानं आपली घ्यायची, गठ्ठा पुढं."

"बस, तसंच."

तिनं जोडणी संपवली, पट्टी मॉनिटरच्या पाठीला चिकटवली, बटण दाबलं. दिवे लागले, पण वेड्यासारखे लुकलुकू लागले. मदीहानं वायरी हलवून पाहिल्या, प्रोग्राम बंद करून चालू केला. फरक पडेना. दारातून वहाबचा आवाज आला.

"अडॅप्टरचा मायनस आन् तुया बोर्डाचा मायनस एक केला काय?"

"नाई."

"तं मंग दोघं दोन भाषा बोलून राह्यले. मायनस एक कर."

तिनं एक वायर जोडली. लुकलुक थांबली.

मग तिनं चाचणीसाठी एक चित्रफीत लावली. मागच्या थंडीत एका नवरा-नवरीला घेऊन ती सागाच्या जंगलात गेली होती, तिथली. वहाबनं सवयीनं पडद्याकडे नजर नेली, आणि सवयीनंच निराश व्हायची तयारी केली. डाग पडद्यावर जाऊन बसला. अख्खा पडदा त्यानं झाकला.

पण डागाच्या भोवती, चारही बाजूंनी, भिंत जिवंत झाली होती.

वर फिकट सोनेरी, धुक्यातून गाळून आल्यासारखं. खाली ओल्या मातीचा तांबूस. डाव्या हाताला हिरवं काही तरी वर चढलं, पातळ झालं, पुन्हा दाट झालं, जणू कोणी झाडांमधून चालत होतं आणि एकेक झाड बाजूनं मागं जात होतं. वहाबनं डोळे हलवले नाहीत. हलवायची गरजच नव्हती. तीन वर्षं तो वस्तूंच्या मागं नजर पळवत होता आणि वस्तू डागाखाली लपत होत्या. आज उजेड स्वतः चालत त्याच्या काठांवर आला होता.

"हे सकाळचं हाय," तो हळूच म्हणाला. "सातच्या आसपासचं. पानं अजून गळाले लागली नव्हती."

मदीहानं फितीवरची वेळ पाहिली. सात वाजून दहा मिनिटं. ती उठली आणि तिनं आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून वहाब रोज त्या खोलीत बसू लागला. आणि बसू लागला तशा त्याच्या तक्रारीही सुरू झाल्या.

"निस्तं पांढरं दाखव आधी."

मदीहानं पडदा पांढरा केला.

"हे पांढरं नाई. कच्च्या कैरीच्या गरावाणी दिसते. आन् डाव्या हाताचा खालचा कोपरा लालसर हाय, थकल्यावाणी."

मदीहाच्या धड डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. तिनं वाकून पाहिलं. पट्टीचा शेवट तिथंच होता, आणि तिथवर जाता जाता वीज कमी पडत होती. तिनं अडॅप्टरपासून दोन वायरी थेट त्या टोकाला नेल्या.

"लाइनीतल्या शेवटच्या घरी दम राहात नाई, हे सांगाले शिकलेलं माणूस कायले पायजे?" वहाब म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात हसू होतं. "आता भिंत. पिस्ता रंगाच्या भिंतीवर पांढरं कसं उमटन? लग्नात गेलो का पहिले म्या पांढरा रुमाल मागो. कॅमेऱ्याले तो दाखवो. पांढरं जमलं का बाकीचे रंग आपले आपण लाइनीत येतात."

मदीहा म्हणाली, प्रोग्राममध्ये आकडे बदलून भिंतीचा हिरवेपणा वजा करता येतो. कनीज म्हणाली, आकडे बदलण्यापेक्षा चुना मारणं सोपं. तिनं पदर खोचला, टेबल पुढं ओढायला लावलं, आणि दोन हात चुन्याचे मारून दिले. चुना वाळला त्या दुपारी पांढरं खरोखर पांढरं झालं. कनीजनं मात्र कितीतरी दिवस हाताला भेगा पडल्याची तक्रार केली.

त्यानंतरचे दिवस वहाबला पाण्याखाली बसल्यासारखे वाटत. बाहेर ऊन, गाड्या, भाजीवाल्याची हाक. आत पडदे ओढलेले आणि भिंतीवर रंगांचं सावकाश येणं-जाणं. मेंदीचा सोहळा लागला की भिंत विटेसारखी उबदार होई. वरात निघाली की रंग धावू लागत, निळ्यातून गुलाबी, गुलाबीतून एकदम काळं, मग फटाक्याचा शुभ्र लखलखाट. कधी डोळे मिटले तरी ते रंग आत चालतच राहत, आणि जाग आहे की झोप हे त्याला कळेनासं होई. कनीज चहा घेऊन येई, पेला हातात देऊन क्षणभर थांबे, न बोलता परत जाई.

मदीहानं जुना व्हीसीआर दुरुस्त करून वाळवीतून वाचलेल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या होत्या. एका दुपारी तिनं एक कॅसेट लावली. भिंत गडद डाळिंबी झाली, मधून निळा पट्टा आडवा गेला.

"एटापल्ली," वहाब म्हणाला.

"काय?"

"एटापल्लीचा शामियाना. तिथल्या मंडपवाल्यापाशी डाळिंबी कापड होतं, मधात निळा पट्टा. दुसऱ्या कोणापाशी नव्हतं तसं."

मदीहानं फीत पुढं नेली. मंडपाच्या दारावर कापडी फलक होता, त्यावर वधूवरांची नावं, आणि खाली गाव. एटापल्ली. तिनं वळून बापाकडे पाहिलं. वहाबला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिचे हात कीबोर्डवरून उचलले गेलेले त्याला दिसले.

"आष्टीकडच्या त्या बाईचा फोन नंबर घेतला होता काय कोणी?" त्यानं विचारलं.

"अम्मीनं घेतला हाय."

"तिच्या गावाले तवा मंडपवालाच नव्हता. जांभळीच्या डहाळ्या टाकून मांडव घालत. कापड नाई. म्हणजे उजेड हिरवा पडन, आन् त्यात उन्हाचे कवडसे. लाव एकेक कॅसेट. एक मिनिट पाहाची आन् काढाची."

चार दिवस बाप-लेक हेच करत बसले. मदीहा कॅसेट लावी, वहाब भिंतीकडे तोंड करून बसे. "नाई. हे गोंडपिपरी. पुढची." "हे घरातलं हाय, ट्यूबलाइटचं. पुढची." दोनदा तो फसला. एकदा हिरवं दिसलं ते वनखात्याच्या रोपवाटिकेतल्या कार्यक्रमाचं निघालं, आणि एकदा त्यानं इतक्या खात्रीनं "हेच" म्हटलं ते एका वऱ्हाडाच्या ट्रकची ताडपत्री निघाली. मदीहा हसली. तोही हसला.

चौथ्या दिवशी जेवणानंतर भिंतीवर मऊ हिरवा रंग पसरला. पानांतून आलेला, किंचित पिवळसर, आणि त्यावर पांढरे कवडसे थरथरत होते, वारा आला की एकमेकांत मिसळत होते. सनई वाजत होती. वहाबच्या नाकाला हळद आणि तेलाचा वास आल्यासारखा झाला.

"थांब. चालू दे. हेच हाय."

फीत चालू राहिली. बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. मग डफडं जोरात वाजू लागलं, आणि भिंतीच्या उजव्या काठाकडून पिवळा रंग शिरला. तो डोलत पुढं आला, पसरला, आणि बघता बघता सगळा हिरवा मांडव त्यानं झाकून टाकला. चारही बाजूंनी नुसती हळद.

त्याच क्षणी स्पीकरमधून एक खणखणीत आवाज आला. "ओ भाऊ! बाजूला व्हा न! शूटिंग चालू हाय, दिसत नाई काय? मधात मधात येऊन राह्यले कवाचे."

मागून कोणी तरी ओरडलं, "ओ मुखरूभाऊ, इकडे या!" आणि अगदी जवळून, दम लागलेला, हसरा आवाज आला, "घ्या न जी आमचाबी एक फोटो!"

पुन्हा तोच खणखणीत आवाज. "पोराच्या हळदीत बापाचा कायले फोटो? धरा रे ह्याले कोणी तरी."

पिवळा रंग हलला, मागं सरला. पुन्हा हिरवा मांडव, कवडसे, सनई.

मदीहानं फीत थांबवली. तो खणखणीत आवाज कोणाचा, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी तिनं पूर्ण कॅसेट पाहून काढली. दोन तासांच्या फितीत मुखरू तेवढाच होता, चाळीस सेकंद. नंतर एकदा त्याची पाठ दिसली, एकदा पाण्याचा तांब्या पुढं करणारा हात. "त्यानंतर ते कॅमेऱ्यापुढं आलेच नाई, अब्बा."

वहाब ओसरीवर जाऊन बसला. संध्याकाळी त्यानं मदीहाला हाक मारली.

"माहा आवाज पुसून टाक त्यातून."

"दोघांचा आवाज एकावर एक हाय. तुमचा पुसला तं त्यायचाही जाते."

"मंग सगळा आवाज काढ. वरून एखादं गाणं लाव."

"फोटो घ्या म्हणते ते. त्यायची बायको येईन, तिनं बावीस वर्षांत तो आवाज आयकला नसन. तोच काढू?"

वहाबनं आवाज काढायचा हट्ट सोडला. असं किती जणांना आपण बाजूला केलं असेल, याचा त्याला अंदाज लागेना. काम होतं ते. नवरदेव दिसायला हवा, नवरी दिसायला हवी, सरपंच दिसायला हवा. मध्ये येणाऱ्याला हटकणं हे कामच होतं. तरीही रात्री त्याचं जेवण अर्धं ताटातच राहिलं. कनीजला सगळं कळलं होतं. ताट उचलताना ती एवढंच म्हणाली, "बोलले तुम्ही, तं आयकूही तुम्हीच. त्या बाईले बोलवा."

रुखमाबाई बुधवारी आली. हेमराज मिरची तोडायला तेलंगणात गेला होता, नातीची परीक्षा होती, म्हणून एकटीच. नवं लुगडं नेसून आली होती. मदीहानं तिला मॉनिटरसमोर बसवलं. वहाब बाजूच्या खुर्चीत बसला, आणि फीत लावण्याआधी म्हणाला,

"बाई, एक पहिले सांगतो. यात म्या तुमच्या मालकाले बोललो हाय. चांगलं नाई बोललो."

"लावा तं खरं."

भिंतीवर हिरवा मांडव उतरला. रुखमाबाईनं आपल्या जावा ओळखल्या, मेलेली सासू ओळखली, दावणीचा बैल ओळखला. मग डफडं वाजलं. ती बोलता बोलता थांबली. पिवळा रंग उजवीकडून आला आणि भिंतभर झाला. वहाबनं तो खणखणीत आवाज मान खाली घालून ऐकला.

फीत पुढं सरकली. रुखमाबाईचा हात वर झाला. "पुन्हा."

मदीहानं पुन्हा लावली.

दुसऱ्यांदा ती हसली. "असाच होता जी. जिथी तिथी मधात. म्या सारवाले बसली का तिथंच येऊन उभा राहे." आणि हसता हसताच तिचा आवाज बदलला. "पण तुम्ही एक घ्याले पायजे होता त्याचा फोटो. त्यानं मांगला होता. एकानं तुमची कॅसेट सरणार होती काय?"

"नाई," वहाब म्हणाला. "चुकलं माह्यं, बाई."

बाहेर कोणीतरी दुकानाचं दार ढकललं. कनीजनं तिकडून त्याला नंतर यायला सांगितलं. रुखमाबाईनं पदराच्या टोकानं डोळे टिपले.

"झालं ते झालं. पोरी, जिथी तो जवळ येते तिथी थांबव."

मदीहानं थांबवलं. भिंत हळदीची होऊन तशीच थांबली.

"बाई," वहाब म्हणाला, "मले फक्त हे पिवळं दिसते. चेहरा दिसत नाई. कसा हाय, सांगान काय मले?"

रुखमाबाईनं त्याच्याकडे वळून पाहिलं असावं. तिची खुर्ची करकरली. मग ती पडद्याजवळ सरकली आणि सावकाश सांगू लागली.

"कपाळ मोठं हाय. डाव्या भुवईवर खाच हाय, लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं. वरचा एक दात नाई. मिशी अर्धी पिवळी झाली. हळद कानात गेली हाय, पुसलीच नाई येड्यानं. डोळे..." ती अडखळली. "डोळे तुमच्याकडं हायत जी. रागात नाई. हासून राह्यला."

वहाबनं डोळे मिटले. पिवळा रंग पापण्यांच्या आतही होता. त्यात एक कपाळ आलं, एक खाच, एक पडलेला दात, आणि डाग जिथं नेहमी बसायचा तिथं कोणीतरी हसत उभं असल्यासारखं वाटलं. खरंच तसाच होता का मुखरू, कोण जाणे. पण तीन वर्षांत एवढा स्पष्ट चेहरा त्यानं पाहिला नव्हता.

फोटो काढायची वेळ आली तेव्हा मदीहानं दोन निवडले. एकात मुखरू स्थिर होता, तोंड मिटलेलं, चेहऱ्यापासून कपड्यांपर्यंत सगळं साफ. दुसऱ्यात तो बोलत होता, आणि चेहरा जरासा हलला होता.

"हा घ्या, मावशी. हा साफ हाय," मदीहा म्हणाली.

"नाई वो. तो कोणाच्याबी घरचा माणूस वाटते. दुसरा दे. फोटो मांगून राह्यला तोच."

मदीहानं तोच छापला, काचेच्या फ्रेममध्ये बसवला, आणि कॅसेटचं सगळं एका पेनड्राइव्हवर घालून दिलं. रुखमाबाईनं फ्रेम लुगड्याच्या पदरात गुंडाळली. चारच्या गाडीपर्यंत वहाब तिला सोडायला गेला. बसस्थानकापर्यंतचा रस्ता त्याच्या पायांना पाठ होता. गाडीत चढताना ती म्हणाली, "नवे तांदूळ निघाले का या जी, तुमच्या मालकिणीले घेऊन." तिच्या बोलण्यात अढी नव्हती, आणि फार गोडवाही नव्हता. वहाबला ते बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी तो मदीहाच्या आधीच खोलीत जाऊन बसला होता. तिनं पुढची कॅसेट लावली. भिंतीवर राखाडी निळा रंग आला, रुंद आणि संथ. वरच्या काठाला फिकट आभाळ, खाली वाळूचा करडा. माणसाचा आवाज नाही, वाद्यं नाहीत, फक्त पाण्याचा.

"कोणाचं लग्न हाय हे?" मदीहानं विचारलं.

वहाबनं बराच वेळ पाहिलं. "लग्न नाई. नदी हाय. वैनगंगा असन, नाई तं प्राणहिता."

"तुम्हीच काढली न? कवा?"

"काई आठवत नाई."

"काढू मंग? पुढची लावू?"

"राहू दे थोडी," वहाब म्हणाला आणि खुर्चीत मागं टेकला. "चालू दे."

कनीज चहा घेऊन आली. पेले टेबलावर ठेवून ती नेहमीसारखी परत निघाली होती, पण निळा उजेड तिच्या हातांवर पडला आणि ती थबकली. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग पाय दुमडून खाली जमिनीवर बसली. नदी वाहत राहिली.